शेळीला हरणापासून करडू होते काय?



उसाच्या जोडीला दारात दोन-चार शेळ्या नाहीत, असे घर आपल्या कार्यक्षेत्रात शोधावे लागेल. तोडणी सुरू झाली की वाढ्याचा चारा मिळतो, बांधावरचा पाला असतोच. शाळेचा खर्च, दवाखाना, सणवार अशा अडीनडीला बोकड बाजारात जातो आणि वेळ निभावते. उसाचे बिल वर्षातून ठराविक वेळी येते, पण शेळी केव्हाही पैसा देते. म्हणून शेळीच्या बाबतीत होणारी फसवणूक ही घरच्या चुलीपर्यंत पोहोचणारी गोष्ट आहे.

असा एक प्रश्न आमच्याकडे वेगवेगळ्या गावांतून येतो. "बाजारात एकाने बोकड दाखवला. अंगावर ठिपके, कान उभे, डोळे मोठे, पळायला चपळ. म्हणतो, ह्याची आई शेळी आणि बाप हरीण. किंमत जास्त सांगतो. घ्यावा का?" दुसरे कोणी विचारतात, "माळावर हरणांत शेळ्या चरतात. आमच्या काळ्या शेळीला तांबडं करडू झालं. हरणाचं तर नसेल?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. शेळी आणि हरीण यांचा संकर होत नाही. अशा संकराची खात्रीलायक नोंद जगात कोठेही नाही. पण "होत नाही" एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. खेचर होते, संकरित गाय होते, आपला ऊस तर मूळचाच संकरित, मग इथेच काय अडले? हे समजून घेतले तर पुढच्या वेळी कोणी काही विकायला आला की आपणच त्याला चार प्रश्न विचारू शकू.

हरीण म्हणजे नेमके कोण?

आपण बोलताना चितळ, सांबर, भेकर, काळवीट, चिंकारा ह्या सगळ्यांना सरसकट हरीण म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी घराणी आहेत.

चितळ, सांबर आणि भेकर हे एक घराणे. ह्यांच्या नरांच्या डोक्यावर जी असतात त्यांना मराठीत मृगशृंगे म्हणतात. ती भरीव हाडाची, फांद्या फुटलेली असतात, ठराविक काळाने गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात.

काळवीट आणि चिंकारा हे दुसऱ्या घराण्यातले. ह्यांची शिंगे गळत नाहीत. आत हाडाचा खुंट आणि वरून शिंगाचे पोकळ टोपण, अशी त्यांची रचना असते. आता आपल्या गोठ्यात जाऊन बघा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ह्या सर्वांची शिंगे अशीच असतात. म्हणजे काळवीट हा चितळापेक्षा शेळीला जवळचा! कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या अभयारण्यात किंवा सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर जे कळप दिसतात ते काळविटांचे, आणि बारामती तालुक्यातील मयूरेश्वर अभयारण्यात दिसतात ते चिंकारे.

आणखी एक फरक खाटकाला विचारा. बोकड कापला की काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी तो जपून काढतो, फुटली तर मटण कडू होते. चितळ-सांबराच्या घराण्याला ती पिशवीच नसते. शेळी पाच महिन्यांत विते, चितळाच्या मादीला त्याहून बरेच जास्त, सुमारे साडेसात-आठ महिने लागतात. शेळी व्याली की जो झार पडतो त्यावर शंभराच्या आसपास गाठी असतात. गर्भाला आईकडून पोषण मिळते ते ह्या गाठींतून. चितळ-सांबराच्या घराण्यात अशा गाठी थोड्याच, पण मोठ्या असतात. गर्भ पोसण्याची व्यवस्थाच वेगळी, मग एकाचा गर्भ दुसऱ्याच्या पोटात वाढणार कसा? ही दोन घराणी एकमेकांपासून दोन कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली आहेत. चार पाय आणि दुभंगलेला खूर सारखा दिसतो म्हणून जवळचे नाते ठरत नाही.

रंगसूत्रांचा हिशेब

प्रत्येक जनावराच्या शरीरातील पेशींत रंगसूत्रे नावाचे बारीक धागे असतात. रंग, उंची, दूध, शिंगे ह्या सगळ्याचा आराखडा त्यांत भरलेला असतो. शेळीत ही रंगसूत्रे ६० असतात. तीस आईकडून येतात, तीस बापाकडून, आणि त्यांच्या जोड्या लागतात.

आता बाकीच्यांचा आकडा बघा. मेंढीत ५४. चितळात ६६. काळविटात ३० ते ३३. आणि आपल्या सह्याद्रीच्या रानातले भेकर तर ह्या बाबतीत सगळ्या सस्तन प्राण्यांत वेगळे. त्याच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७!

यावरून कोणी म्हणेल, आकडा जुळला की संकर जमला. तसेही नाही. गाईची रंगसूत्रेही ६०, शेळीचीही ६०. एकाच दावणीला दोघी पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या जातात, पण गाईला बोकडापासून काही झाल्याचे कोणी पाहिले आहे काय? आकडा सारखा असला तरी आत लिहिलेला मजकूर वेगळा असतो.

हे आपल्या कारखान्यातल्या मिलसारखे समजा. दोन रोलरच्या टोकांना दात्यांची चाके असतात. दात्यांची संख्या, आकार, अंतर एकमेकांशी जमले तर रोलर फिरतात. नुसती संख्या सारखी असून भागत नाही. भलतेच चाक आणून बसवले तर एक तर ते बसतच नाही, किंवा चार फेऱ्यांत दाते मोडतात.

जनावरांतही असेच दोन अडसर आहेत. पहिला अडसर बीजांडाच्या दाराशी. बीजांडाच्या कवचाला आपल्या जातीचे बीज ओळखू येते, लांबच्या जातीच्या बीजाला ते सहसा आत घेत नाही. दुसरा अडसर आतला. जवळच्या जातीचे बीज आत शिरलेच तरी दोन्हीकडच्या सूचना जुळत नाहीत आणि गर्भ काही दिवसांत किंवा आठवड्यांत संपतो.

माजावर आलेल्या शेळीमागे एखादा पाळलेला नर हरीण लागल्याचे कोणी पाहिले असेलही. पण मागे लागणे वेगळे आणि गाभण ठेवणे वेगळे. शेळी त्याच्यामुळे गाभण राहत नाही, सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा माज दाखवते. आणि ती व्यालीच, तर विण्याच्या तारखेपासून पाच महिने मागे मोजा. त्या सुमारास गावातला कोणाचा तरी बोकड कळपात आलेला असणार.

जे संकर होतात ते कसे होतात?

घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होते हे सर्वांना माहीत आहे. घोड्याची रंगसूत्रे ६४, गाढवाची ६२, खेचरात ६३. तिथे जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचर कामाला दणकट असले तरी वांझ असते. हिमालयात याक आणि गाय यांचा संकर करतात. त्यातील मादी पुढे विते, दूध देते, नर मात्र निर्बीज निघतो. म्हणजे जवळच्या नात्यातसुद्धा निसर्ग पूर्ण परवानगी देत नाही.

शेळी आणि मेंढी यांचे काय? धनगरांच्या वाड्यात दोन्ही एकत्र चरतात, एकत्र बसतात. मेंढ्यापासून शेळीला गर्भ राहू शकतो, पण बहुतेक वेळा तो दीड-दोन महिन्यांत पोटातच जातो. क्वचित एखादे पिल्लू जगते. आफ्रिकेतील बोट्सवाना देशात असा एक नर जन्मला होता, त्याची शास्त्रीय माहिती २००० साली प्रसिद्ध झाली. त्याची रंगसूत्रे मोजली तर ५७ निघाली, म्हणजे ६० आणि ५४ च्या बरोबर मध्ये. अंगावर वरून राठ केस, आतून लोकर. माद्यांच्या मागे तो सतत लागे, पण एकही गाभण राहिली नाही. लाखो शेळ्या-मेंढ्या एकत्र राहूनही जगलेले संकर बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बहुधा वांझ! शेळीला मेंढीपेक्षा काळवीट लांबचा, आणि चितळ त्याहून कितीतरी लांबचा.

अर्धी शेळी, अर्धी मेंढी अशा एका प्राण्याचे छायाचित्र कोणी पाहिले असेल. १९८४ साली इंग्लंडमधील केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी शेळीचा आणि मेंढीचा अगदी कोवळा गर्भ प्रयोगशाळेत एकत्र करून तसा प्राणी जन्माला आणला होता. अंगावर कोठे लोकर, तर कोठे केस. पण तो संकर नव्हता. ते दोन गर्भांचे कलम होते. त्याच्या काही पेशी पूर्ण शेळीच्या होत्या, काही पूर्ण मेंढीच्या.

शेळीचा खरा संकर जमतो तो तिच्या स्वतःच्या कुळात. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियाच्या डोंगराळ भागात माणसाने रानबकऱ्यांना माणसाळवले, त्यांच्यापासून आपली शेळी आली. त्या रानबकऱ्यांशी आणि आयबेक्स नावाच्या त्यांच्या डोंगरी भाऊबंदांशी शेळीचा संकर होतो. स्पेनमधील आयबेक्सची एक उपजात जानेवारी २००० मध्ये नामशेष झाली. तिच्या शेवटच्या मादीच्या जपून ठेवलेल्या पेशींपासून २००३ साली एक पिल्लू जन्माला घातले गेले. ते वाढवले होते शेळी आणि आयबेक्स यांच्या संकरित मादीच्या पोटात. फुप्फुसातील दोषामुळे ते काही मिनिटेच जगले. इतक्या जवळच्या नात्यात, एवढी मोठी प्रयोगशाळा हाताशी असताना ही स्थिती. मग माळावर कोणाच्या नकळत हरणाचे करडू होईल काय?

मग उसात कसे जमले?

हा प्रश्न आपल्या सभासदांनी विचारायलाच हवा. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड, जाड ऊस आणि नदीकाठी पांढरे तुरे येणारे जंगली कास गवत यांचा संकर केला, आणि १९१८ साली को २०५ हा वाण बाहेर आला. को ७४० असो की को ८६०३२, आपल्या शेतातल्या उसात त्या जंगली गवताचे रक्त आहे. १९३० च्या दशकात तर कोइमतूरला उसाचा संकर ज्वारीशी आणि मक्याशीही करून पाहिला गेला.

पण तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, ऊस आणि कास हे एकाच कुळातले सख्खे भाऊबंद. ज्वारी, मकाही त्याच तृणवर्गातली. दुसरी, रंगसूत्रांचा आकडा कमी-जास्त झाला तर वनस्पती ते सोसते. आपल्या उसात ती शंभराच्या वर असतात आणि वाणागणिक बदलतात. जनावराला एक रंगसूत्र जास्त झाले तरी ते बहुधा पोटातच संपते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ऊस आपण बियांपासून लावत नाही, कांडी लावतो. एकदा चांगला संकर हाती आला की तो वांझ असला तरी बिघडत नाही. डोळा फुटला की तोच वाण पुन्हा उगवतो. शेळीची कांडी करून लावता येत नाही. तिला पाडसासारखे करडू व्हायचे तर नर-मादीचे बीज जुळलेच पाहिजे.

संकरित गाईचेही तसेच. जर्सी, होल्स्टीन आणि आपली गीर दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी गाईच आहेत. रंगसूत्रे ६०, मजकूरही एकाच भाषेतला. म्हणून संकरित कालवड पुढे विते.

मग ते ठिपक्यांचे करडू आले कोठून?

शेळीच्या जातींतूनच. उत्तर प्रदेशात मथुरा-आग्रा भागात बरबरी नावाची जात आहे. अंगाने लहान, कान उभे, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हरणाचीच आठवण व्हावी. राजस्थानची सिरोही जात तांबड्या-तपकिरी रंगाची, अंगावर गडद पट्टे-ठिपके असलेली. ह्या जातींचे बोकड आता आपल्या बाजारांतही येतात. त्यांच्यापासून गावरान शेळीला झालेले करडू ठिपक्यांचे निघाले तर नवल काय?

बोकड काळा आणि शेळीही काळी असून करडू तांबडे झाले, तरी घाबरण्याचे किंवा हुरळून जाण्याचे कारण नाही. एखादा रंग दोन-तीन पिढ्या दबून राहतो आणि मग एकदम वर येतो. "पोरगं आजोबांवर गेलं" असे आपण म्हणतोच की! आपली उस्मानाबादी मुख्यतः काळी, पण तिच्यातही तांबडी आणि ठिपक्यांची जनावरे निघतात.

तेव्हा कोणी "हरणाच्या वंशाचा" म्हणून बोकड दाखवला तर सरळ तीन गोष्टी विचाराव्यात.

१) ह्याची आई आणि बाप दाखवा.

२) रक्ताच्या तपासणीचा लेखी अहवाल आहे काय? रंगसूत्रे किंवा डीएनए तपासला की जनावर कोणाचे हे नक्की कळते, त्यात अंदाजाला जागा नाही.

३) ही जात सरकारी यादीत आहे काय? जनावरांच्या जातींची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत होते. त्या यादीत हरीण-शेळी अशी जात नाही.

पहिल्याच प्रश्नाला विकणारा बाजार बदलेल, असे आम्हाला वाटते.

जनावर खरोखर हरणाचे निघाले तर?

ही बाजू फसवणुकीपेक्षा गंभीर आहे. संकर म्हणून विकलेले पिल्लू खरोखरच चिंकाऱ्याचे किंवा काळविटाचे पाडस असू शकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही दोन्ही जनावरे अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांना पकडणे, बाळगणे, विकणे, मारणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ३ वर्षे, कमाल ७ वर्षे कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड २५ हजार रुपयांहून कमी नाही. चितळ आणि सांबर यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. "मला शेळी म्हणून विकलं" ही सबब सांगत कोर्टाच्या पायऱ्या चढण्याची पाळी कोणावर येऊ नये.

ज्वारीत, गवतात किंवा उसाच्या कडेला एकटे पडलेले पाडस दिसले तर ते सोडून दिलेले आहे असे समजू नका. मादी पाडसाला लपवून चरायला जाते आणि ठराविक वेळी पाजायला परत येते. आपण उचलून घरी आणले, शेळीचे दूध पाजले, तर आपण दया केली असे वाटते, पण प्रत्यक्षात आईपासून तोडलेले असते. पाडस जखमी असेल किंवा कुत्री मागे असतील तर वन खात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे. तोडणी कामगारांनाही हे समजावून सांगावे.

आणखी एक गोष्ट. शेळी आणि हरीण यांचे करडू होत नाही, पण रोग मात्र एकमेकांना होतो. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा बुळकांडीसारखा रोग, भारतात प्रथम १९८७ साली तामिळनाडूत आढळला. ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात चट्टे, हगवण आणि मरतुक. मंगोलियात २०१६-१७ साली हाच रोग पाळीव जनावरांकडून रानातल्या सायगा हरणांत गेला आणि ती हजारोंनी मेली. माळावर आपल्या शेळ्या आणि हरणे एकाच पाणवठ्यावर येतात. म्हणून करडे तीन-चार महिन्यांची झाली की पीपीआरची लस टोचून घ्यावी. एकदा टोचली की साधारण तीन वर्षे संरक्षण मिळते. आपली शेळीही वाचते आणि रानातले जनावरही.

संकर करायचाच तर असा करावा

संकराला आमचा विरोध नाही. उलट, योग्य संकराने काय साधते ह्याचे उदाहरण जवळच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ ह्या लहानशा मेंढीतील जुळी देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. मेंढीचा मेंढीशी, पण विचारपूर्वक केलेला संकर. दक्षिण आफ्रिकेच्या बोअर बोकडावरही त्या संस्थेने काम केले आहे. त्यात चमत्कार नाही. वर्षानुवर्षे वजने घेणे, नोंदी ठेवणे आणि निवड करणे एवढेच आहे.

आपल्यालाही तेच करता येईल. बोकड निवडताना ठिपके बघू नयेत, त्याची आई बघावी. ती जुळी देते काय, दूध किती देते, करडे जगवते काय? बोकड शक्यतो जुळ्यातला, दोन्ही वृषणे सारखी आणि पूर्ण उतरलेली असणारा, पायाने मजबूत असावा. पंचवीस-तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. दोन वर्षांनी तो बदलावा, नाहीतर स्वतःच्याच पाटींवर जातो आणि करडे खुजी, अशक्त निपजतात. जातिवंत बोकडासाठी राहुरीचे कृषी विद्यापीठ किंवा पुण्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ येथे चौकशी करावी, आणि घेण्यापूर्वी आपल्या पशुवैद्यकाला दाखवावा.

उसाचे बेणे घेताना आपण मळा बघतो, वाण विचारतो, डोळा तपासतो. रंग छान आहे म्हणून कोणी बेणे घेत नाही. बोकड हे शेळीच्या कळपाचे बेणेच आहे. ते घेतानाही तेवढीच खात्री करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.